आठचा पंखा

त्या दिवशी सकाळी मी धरणाच्या काठावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. मोटारबोटीचा आवाज आला तेव्हा मान वर न करताच मला कळलं की बोटीवर ओझं आहे. रिकामी असली की ती मोकळ्या गळ्यानं येते. ओझं असलं की आवाज खाली बसतो, घोगरा होतो, दम्याच्या माणसासारखा मध्येच अडतो. मनात म्हटलं, आज विलासच्या बोटीत मासळी चांगली आली. जाळ्याची आणखी दोन घरं सांधली आणि मग वर पाहिलं. बोटीत मासळीचे क्रेट नव्हते. बोटीमागं दोरानं बांधलेला आमचा डोंगा होता आणि डोंग्यात माझा भाऊ आडवा होता. त्याच्या तोंडावर त्याचाच दुपट्टा टाकलेला होता... त्या दोन घरांची गाठ मी अजून सोडून पुन्हा बांधलेली नाही. बांधावीशी वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, वल्हं मारता मारता छातीत कळ आली असणार. असंही म्हणाले की अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं समोरच्या वाऱ्यात भरलेला डोंगा एकट्यानं ओढायचा नसतो. मग तो कशाला ओढत होता, हे तिथं उभ्या असलेल्या लोकांपैकी कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. आज दीड महिना झाला. लोक येऊन गेले, बोलून गेले. जे बोलायला पाहिजे होतं ते कोणी बोललं नाही, आणि त्यात पहिली मी आहे. म्हणून लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही, पण लिहून ठेवायचं आहे.

शेषराव माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची आणि तो मला चंदे म्हणायचा. आम्ही भोई. धरण व्हायच्या आधी आमचे लोक नदीतले मासे धरत आणि उन्हाळ्यात वाळूत टरबुजाच्या, काकडीच्या वाड्या लावून माल चांदूर बाजारला नेत. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात बाबांचा हात मोडला. जाळी विणायला घरात दुसरं कोणी नव्हतं. गुरुजी घरी विचारायला आले होते, मुलगी हुशार आहे, पाचवीत घाला म्हणून. बाबांच्या आधी दादाच बोलला. "जाळ्याच्या गाठी मोजता आल्या म्हंजे झालं गुर्जी, तिले काय तहसीलदार व्हाचं हाये?" गुरुजी हसले, दादा हसला, मीही हसले. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलणं झालं. शाळा उघडली त्या दिवशी मी अंगणात बसून गाठी मोजत होते, तेव्हा समजलं.

हे मी त्याची उणीदुणी काढायला लिहीत नाही. पण तेराव्याला आणि संस्थेच्या शोकसभेत लोकांनी त्याला असा काही देवमाणूस करून टाकला की मला तो ओळखूच येईना. दादा देवमाणूस नव्हता. तापट होता, हट्टी होता, टोमणे मारायचा, वहिनीच्या हातच्या भाजीला रोज नावं ठेवायचा आणि रोज दोनदा वाढून घ्यायचा. मला अकोटला दिलं होतं. अकरा वर्षांनी नवरा वारला, पदरी मूल नव्हतं, सासरच्यांना मी नकोशी झाले. तेव्हा हाच दादा एस.टी.नं अकोटला आला, ओसरीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि माझी पेटी उचलून खांद्यावर घेतली. परतीच्या वाटेवर एकच बोलला, "जाळी लय फाटून राहिली बापा घरी, बरं झालं तू आली." त्याची माया अशीच होती, सोलून घ्यावी लागायची.

पंख्याची गोष्ट मागच्या वर्षीची. धरणावर आमची मच्छीमार संस्था आहे. मेंबर आपापल्या डोंग्यानं पल्याडच्या काठाला जाळी टाकतात आणि सकाळी काढतात. तिथून इकडच्या धक्क्यापर्यंत वल्हं मारत यायला दीड-दोन तास लागत. मासळी घ्यायला अमरावतीहून गाडी येते, ती साडेनऊला निघते. जो मागं राहिला त्याचा माल उन्हात नरम पडतो, मग पडेल त्या भावानं द्यायचा. संस्थेला एका योजनेतून मोठी बोट आणि मोटार मिळाली ती त्यासाठी. एकच बोट पल्याड जाईल, सगळ्यांची मासळी बर्फात भरून एका खेपेत आणेल आणि गाडीला लावेल. ती चालवायला दादाला नेमलं, कारण या पाण्याखाली कुठं जुन्या बाभळींची खोडं आहेत आणि कुठं शेवाळ दाटलेलं आहे, हे त्याला पाठ होतं. त्याला किती आनंद झाला होता हे फक्त मला आणि वहिनीला माहीत आहे. गावात तो तोंड वाकडं करून म्हणे, "पेट्रोलच्या वासानं डोकं दुखते." घरात मात्र मोटारीचं झाकण पुसायला वहिनीचं जुनं लुगडं फाडून नेलं. त्या मोटारीमुळे म्हातारपणी वल्हं सुटेल, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याचे खांदे तेव्हाच दुखत होते.

मोटारीबरोबर खोक्यात पाण्यात फिरून बोट ढकलणारे दोन पंखे आले होते. दिसायला सारखेच, तीन पात्यांचे. कोणता लावायचा ते पूजेच्या दिवशी ठरलं आणि तिथंच घोळ झाला. आमच्यात नवी नाव पहिल्या दिवशी रिकामी फिरवतात. तिच्यात जाळं ठेवत नाहीत, मासळी ठेवत नाहीत, कसलंच ओझं चढवत नाहीत. नारळ, हळदकुंकू आणि चालवणारा, बस. आधी नावेनं पाण्याची ओळख करून घ्यायची, कामाला दुसऱ्या दिवशी जुंपायची. रीत म्हणून वाईट नाही. पण काठावर मांडव होता, योजनेचे साहेब आले होते, संस्थेचे अध्यक्ष मोतीरामभाऊ फेटा बांधून उभे होते. त्यांनी त्याच रिकाम्या बोटीवर दोन्ही पंखे लावून पाहायला सांगितलं. पहिला पंखा लावला तर मोटार किंचाळली आणि बोट बेताची चालली. दुसरा लावला तर बोट नाक वर करून अशी सुटली की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मोतीरामभाऊ म्हणाले, हाच पक्का. पहिला पंखा कागदात गुंडाळून संस्थेच्या लोखंडी कपाटात गेला आणि कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बोट भरून यायला लागली आणि तिची रडकथा सुरू झाली. दहा-बारा क्रेट, बर्फ, ओली जाळी, तीन माणसं. दादा वेगाची मूठ पूर्ण पिळायचा आणि मोटार नुसती घोगरं ओरडायची, मागून काळा धूर निघायचा, बोट सरकायची चालत्या माणसाच्या वेगानं. गाडी निघून गेलेली असायची. मेंबरांनी तीन दिवस दम धरला, चौथ्या दिवशी बोलले. "शेषराव, म्हस धुवाले नेली व्हती का रस्त्यात?" असं एक म्हणे, दुसरा म्हणे याला वल्ह्याचीच सवय, मोटारीत बसूनही वल्हंच मारतो. दादा ऐकून घेई. घरी येऊन ताट सरकवून देई.

एका दुपारी तो मला म्हणाला, पेन्सिल आणि कागद घेऊन चल. धक्क्यावर बोट वर ओढलेली होती. पंख्याच्या मधल्या गोळ्यावर काही आकडे ठोकलेले होते, पण रंगानं बुजले होते आणि दादाला धड वाचता येत नव्हते. त्यानं कागद त्यावर दाबून धरला आणि मी वरून पेन्सिल आडवी घासली. लहानपणी नाण्याचा छाप काढतात तसे आकडे कागदावर उमटले. सव्वानऊ, मग फुली, मग अकरा. दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारवरून एस.टी. धरून आम्ही अमरावतीला गेलो. वहिनीला सांगितलं, चंदेचे डोळे दाखवायचे आहेत. खरं कारण असं होतं की तिथं काही वाचायचं आलं तर त्याला माणूस पाहिजे होतं आणि ते कबूल करायचं नव्हतं.

अमरावतीचा मिस्त्री विहिरीचे पंप दुरुस्त करायचा, पण तरुणपणी काही वर्षं समुद्राकाठी बोटींच्या मोटारींवर काम करून आलेला होता. त्यानं कागद पाहिला आणि सरळ सांगितलं. पहिला आकडा पंख्याची रुंदी. दुसरा आकडा म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती इंच पुढं सरकू पाहतो, लाकडात स्क्रू सरकतो तसा. अकराचा लांब उडी घेतो, हलक्या बोटीला चांगला. भरलेल्या बोटीला ती उडी झेपत नाही, मोटार फिरायचे तेवढे फेरे फिरूच शकत नाही, आतल्या आत जळते. मूठ पूर्ण पिळल्यावर भरल्या बोटीत मोटार मोकळी गायली पाहिजे, कण्हली नाही पाहिजे. कण्हत असेल तर दुसरा आकडा कमी करा, आठचा लावा. रिकाम्या बोटीत आठचा किंचाळेल, तर किंचाळू द्या, तेव्हा मूठ सैल ठेवा. दादानं पूजेच्या दिवसाचं सांगितलं तसा तो हसायला लागला. "घोडं वरातीत नाचते म्हून वखराले जुंपता काय राजेहो? ओझं टाकून पाह्याचं, मंग ठरवाचं."

परतीच्या एस.टी.त दादा खिडकीशी बसला होता. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की हे तर बाबांनाही माहीत होतं. रिकाम्या बंडीला बैल लांब टांगा टाकतो. टरबुजं भरली की तोच बैल आखूड पावलं टाकतो, पण बंडी निघते. लांब टाकायला गेला तर गुडघ्यावर येईल. एवढं बोलून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, उद्यापासून तू लिहायचं. पल्याडून निघताना तो मिसकॉल देणार, मी इकडच्या काठावरून घड्याळ पाहायचं. किती क्रेट, वारा कुठला, बोट धक्क्याला कधी लागली, सगळं. मी शंभर पानी वही विकत घेतली. शाळा सुटल्यानंतरची माझी पहिली वही. तीन आठवडे मी रोज लिहिलं आणि खरं सांगते, ते तीन आठवडे मला फार बरे गेले. कोणीतरी माझ्या लिहिण्यावर अवलंबून होतं.

दादानं मोतीरामभाऊंना कपाटातला आठचा पंखा मागितला. एकदा नाही, चारदा. ते माणूस म्हणून वाईट होते असं मी म्हणणार नाही, पण साहेबांसमोर तोंडातून निघालेला शब्द त्यांना गिळता येत नव्हता. म्हणायचे, साऱ्या गावानं पाहिलं ना अकराचा कसा पळाला. आठचा मोटार फाडून टाकेल, त्याचा आवाज ऐकला नाही का. शेवटी एक दिवस मोतीरामभाऊ लग्नाला अकोटला गेले, तेव्हा दादानं सचिवाला गाठलं. कपाटाची एक किल्ली सचिवाकडे असायची. भला माणूस, घाबरट. त्यानं सकाळी पंखा दिला आणि दुपारच्या आत परत पाहिजे म्हणाला. त्या दिवशी बारा क्रेट होते, वारा समोरून होता. मी काठावर उभी होते. आवाज आला आणि मोटार कण्हत नव्हती. एका सुरात येत होती. आदल्या दिवशी तेवढ्याच क्रेटांना बावन्न मिनिटं लागली होती, त्या दिवशी सदतीस लागली. गाडी भरून निघाली तरी साडेनऊ व्हायचे होते. दादा बोटीतून उतरला, माझ्याकडे बघून नुसतं बोट हवेत फिरवलं... लिही म्हणून. मी लिहिलं. पंखा सचिवानं किती वाजता दिला आणि किती वाजता परत घेतला, तेही लिहिलं. मला सगळं लिहायची सवय लागली होती.

पुढच्या सोमवारी संस्थेच्या ओसरीत सभा झाली. बोट उशिरा येते या तक्रारीवर. पुरुष सतरंजीवर, आम्ही सात-आठ बाया भिंतीला धरून. वही माझ्या पदराखाली होती. दादानं मला घरीच सांगितलं होतं, मी म्हणेन तेव्हा उभी राहा आणि जसं आहे तसं वाच, बाकी काही बोलू नको. मी हो म्हटलं होतं. रात्री, सकाळी, भाकरी थापताना मी ते मनात वाचून पाहिलं होतं.

मोतीरामभाऊ म्हणाले, "शेषराव, तुले मोटार जमत नसन तर तसं सांग, त्यात लाजाचं काय हाये?"

दादा म्हणाला, "जमते भाऊ. पंखा बदलून द्या."

"अकराच्या पंख्यानं बोट कशी पळाली, साऱ्यायनं पाह्यलं."

"त्या दिवशी ते रिकामी होती. आपून काय रिकामी बोट विकाले नेतो अमरावतीले?"

लोक हसले. त्या वेळी सभा दादाच्या बाजूनं झुकली होती, मला दिसत होतं. त्यानं सांगितलं की माझ्याकडे रोजचं लिहून ठेवलेलं आहे, अकराचंही आणि एक दिवस आठच्याचंही. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "चंदे, वाच."

मी उभी राहिले. वही उघडली. अक्षर माझंच होतं, आकडे माझेच होते, दिसतही होते. चाळीस माणसांची तोंडं माझ्याकडे वळली आणि माझा आवाज निघेना. याहून वेगळं काही सांगता येणार नाही. नुसता श्वास बाहेर आला. दादा हळू म्हणाला, "वाच ना वं." मी पान उलटलं, उगीच. मागून कोणीतरी म्हणालं की आता बायामाणसांच्या वहीवर संस्था चालवायची का. मोतीरामभाऊ म्हणाले, "वही मुकी दिसते राजेहो." मोठा हशा झाला. मी खाली बसले. दादानं तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

मग पुढचं सगळं भराभर झालं. आठचा पंखा एक दिवस लावला होतास म्हणतोस, तो तुला दिला कोणी, असं मोतीरामभाऊंनी विचारलं. दादानं सचिवाकडे पाहिलं. सचिवानं रजिस्टरात पाहिलं आणि म्हणाला, "म्या नाई देला." म्हणजे कपाट न विचारता उघडलं, असं झालं. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे माझ्या मांडीवर शाईनं लिहिलेलं होतं, वेळेसकट. मला फक्त एक ओळ वाचायची होती. मोतीरामभाऊंच्या पुतण्याला, विलासला, बोट दिली. दादाला सांगितलं, तू आपला डोंगा सांभाळ.

घरी जाताना तो पुढं, मी मागं. घरी गेल्यावर त्यानं विचारलं, जेवायला काय आहे. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यानं वहीचं नाव काढलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. एकदाच, वहिनी आत त्याला म्हणाली की बाईनं तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती, तेव्हा भिंतीपलीकडून मी ऐकलं. तो म्हणाला, "तिले काहून बोलतं? तिची शाळा म्याच बंद केली." मला माफ केलं तेही असं माझ्या पाठीमागं. तोंडावर म्हणाला असता तर मला काही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं का, तेही मी आता सांगू शकत नाही.

अकराचा पंखा विलासच्या हातातही तसाच कण्हत होता. बोट तेवढीच उशिरा येत होती. फरक एवढाच की आता मोतीरामभाऊ अमरावतीच्या व्यापाऱ्याला फोन करत आणि गाडी अर्धा तास थांबे. दादासाठी ती कधी पाच मिनिटं थांबली नव्हती. दादानं आपली मासळी बोटीत द्यायचं बंद केलं. वहिनीनं समजावलं, विलासनं स्वतः घरी येऊन सांगितलं, काका तुमचे क्रेट मी आणतो. दादा म्हणाला, माझ्या खांद्यांना अजून पंखा लागत नाही. पाच महिने तो रोज वल्हं मारत गेला आणि आला. रात्री वहिनी त्याच्या खांद्याला तेल लावायची आणि तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याचा हट्टच त्याला घेऊन गेला, असं लोक म्हणतात. खोटं नाही. पण हट्टाला जागा कोणी करून दिली, तेही म्हणावं.

शोकसभा त्याच ओसरीत झाली. दादाचा फोटो हार घालून लोखंडी कपाटावर ठेवला होता. आत आठचा पंखा कागदात गुंडाळलेला होता आणि वरून दादा बघत होता. मोतीरामभाऊ बोलताना खरंच रडले. शेषराव म्हणजे पाण्याचा माणूस, असा होणे नाही, म्हणाले. सचिवानं ठराव वाचला. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, मी तिच्या शेजारी. दोन बायांनी मला धरलं होतं, मी पडेन म्हणून. मी पडणार नव्हते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की उठावं आणि सांगावं, कपाट उघडा. मी उठले नाही.

मागच्या आठवड्यात विलास घरी आला. मी अंगणात तांदूळ निवडत होते. तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, पण दारात बराच वेळ चपलेशी खेळत उभा राहिला. मग म्हणाला, "आत्या, काका कोन्ता पंखा म्हनत होते?" मी सूप खाली ठेवलं. तो खाली बघूनच बोलत होता. त्या दिवशी डोंगा बांधून आणताना त्यानं मूठ पूर्ण पिळली होती, काकांना लवकर काठाला न्यायचं म्हणून. त्याला वाटत होतं अजून जीव असेल, तोंडावर दुपट्टा त्यानं काठ जवळ आल्यावर टाकला. मोटार ओरडली, धूर झाला, बोट पुढं जाईना. "तवा मले समजलं आत्या. काका खोटं नोते बोलत."

मी घरात गेले, पेटीतून वही आणली. त्यानं हात पुढं केला, दहावी शिकलेला आहे तो, म्हणाला द्या, मी वाचतो. मी दिली नाही. तिथंच उभी राहिले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तारीख, क्रेट, वारा, निघाले किती वाजता, लागले किती वाजता. एकही दिवस सोडला नाही. आठच्या पंख्याचा दिवस आला तेव्हा सचिवानं पंखा कधी दिला आणि कधी नेला तेही वाचलं. नळावर पाणी भरणाऱ्या बाया वळून पाहायला लागल्या होत्या, तरी मी थांबले नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा विलासचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते. मागं पाहिलं तर वहिनी दारात उभी, हाताला पीठ लागलेलं.

ती रागावलेली नव्हती. घरात एखादी वस्तू सापडत नसली की विचारतात तसं तिनं विचारलं, "येवढा आवाज हाये बाई तुमच्यात? मंग तवा कुठं गेल्ता?"

विलासनं मोतीरामभाऊंना गाठलं, परवा कपाट उघडलं आणि बोटीला आठचा पंखा लागला. अध्यक्षांनी फार विचार करून हा बदल केला, असं संस्थेच्या फळ्यावर लिहिलं आहे. विलास फळा पुसायला निघाला होता, मी नको म्हटलं. पुसून काय लिहिणार? मासळी आता वेळेवर गाडीला लागते, म्हाताऱ्या मेंबरांनी डोंगे उलटे करून ठेवले आहेत, कोणाला वल्हं मारत यावं लागत नाही. दादाला एवढंच पाहिजे होतं. वहिनीनं तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. सकाळी ती चहाचा कप माझ्यापुढं ठेवते आणि लगेच चुलीकडे वळत नाही, जराशी थांबते, मी काही बोलेन म्हणून. मी कपाकडे बघत राहते. मग ती जाते.